वारा बघून बसायचं

आमच्या जुन्या घराच्या माजघरात, मिठाच्या मडक्यामागच्या कोनाड्यात सांबराच्या शिंगाचा एक तुकडा असे. वीतभर लांब, मातकट रंगाचा, बोट फिरवलं तर उभ्या खाचा लागत. त्याचं एक टोक मात्र झिजून गुळगुळीत, जवळजवळ पांढरं झालेलं. कुणा पोराची छाती भरली की आजी सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून ते शिंग उगाळी आणि लेप कोमट करून छातीला लावी. त्या लेपाला ओल्या मातीचा आणि जळक्या केसांचा असा मिळून एक वास यायचा आणि त्या वासातच झोप लागायची. ते सांबर कुणी मारलं, पणजोबांनी की त्यांच्याही आधीच्या कुणी, हे घरात धड कुणाला सांगता येत नसे. पराक्रम केव्हाच विसरला गेला होता. शिंग तेवढं पोरांच्या खोकल्यापायी झिजत राहिलं होतं. सांबर तर दरवर्षी शिंगं टाकतं. तेव्हा ते शिकारीचं नसेलही, कुणा बाईला लाकडं आणताना रानात पडलेलं सापडलं असेल, अशी शंका मला खूप पुढे आली. पण ती विचारावी असं माणूस तोवर घरात उरलं नव्हतं.

गाव सावंतवाडीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. खाली भाताचे कुणगे, त्यांच्यावर काजू, त्यांच्यावर रान; आणि रान कुठे संपतं नि डोंगर कुठे सुरू होतो हे पावसाळ्यात ढगांनाही कळू नये अशी एकूण रचना. शेतीसंरक्षणाच्या परवान्याची एक ठासणीची बंदूक घरात होती. अशा बंदुका त्या टापूत अजूनही पुष्कळ घरांत आहेत. निवडणूक जाहीर झाली की त्या पोलीस ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर सोडवून आणायच्या, हा कार्यक्रम पाहुण्यारावळ्यांसारखा अंगवळणी पडलेला असतो. आजोबा ती भरत तेव्हा आम्ही पोरं ओसरीवर दम धरून बसायचो. आधी नळीत दारू, मग काथ्याचा बोळा, तो गजानं दाबून बसवायचा, मग छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा गज. घोड्याखाली केप बसवायची ती अगदी शेवटी, रानात जागेवर पोचल्यावर. एवढा खटाटोप करून हाती एकच बार. तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर पलीकडच्या डोंगरावर. त्यामुळे त्या बंदुकीनं शिकार करणाऱ्याला नेमापेक्षाही बसणं जास्त यावं लागे.

आणि बसणं ही काय विद्या असते, ते मी तिथे पाहिलं. थंडी पडू लागली की बेहड्याच्या झाडाखाली फळांचा सडा पडतो, आणि दिवस कलताना भेकर तो वेचायला येतं. आजोबा झाडापासून बऱ्याच अंतरावर थांबत, चिमूटभर माती वर सोडत आणि ती कुठे झुकते ते बघत. “आधी वारो बघूचो, मगे बसूचा,” एवढंच बोलत. मग करवंदीच्या जाळीमागे पाचोळा हातानं बाजूला सारून जमीन उघडी करायची, म्हणजे बूड हललं तरी आवाज नको, आणि बसून राहायचं. पायाला मुंग्या येतात, कानाशी डास गुणगुणतात, खोकला नेमका तेव्हाच घशाशी येतो. आणि या सगळ्याच्या पलीकडे गेलं की एका क्षणी रान आपल्याला विसरतं. दयाळ शेजारच्या फांदीवर येऊन बसतो. मुंगसाची जोडी हातभर अंतरावरून निघून जाते. आपण नसताना जग कसं चालत असेल, हा तसा तत्त्वज्ञांचा प्रश्न. शिकाऱ्याला त्याचं उत्तर संध्याकाळी फुकट बघायला मिळतं.

भेकर आलं ते आलं असं दिसलंच नाही. जिथे काही नव्हतं तिथे ते होतं. तांबूस अंग, पाठ किंचित कमानदार, पुढचा एक पाय उचलून धरलेला, ठेवावा की न ठेवावा याचा विचार करणारा. मला ते दिसेना, तेव्हा आजोबांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली आणि अगदी सावकाश, कुलपात किल्ली फिरवावी तसा माझा चेहरा त्याच्याकडे वळवला. आजोबा आम्हाला कधी जवळ घेत नसत. त्या पिढीत तशी रीतच नव्हती. नातवंडांशी त्यांचं बोलणं म्हणजे पाढे आणि गुरांची चौकशी. पण रानात त्यांचे हात बोलत. खांद्यावर दाबलं की बस, कोपराला ढोसलं की डावीकडे बघ. भेकरानं मान वर केली, लांब जीभ बाहेर काढली आणि स्वतःच्याच डोळ्याखालची जागा चाटली, वरपर्यंत, पापणीला भिडेपर्यंत. मग बार झाला. ठासणीच्या बंदुकीचा धूर एवढा दाट असतो की पुढचे काही क्षण काहीच दिसत नाही. काय घडलं ते धूर विरल्यावर कळतं. मला वाईट वाटलं असं आज लिहिणं सोपं आहे. पण त्या रात्री मी तांबडा रस्सा आणि तांदळाची भाकरी पोट तटतटेपर्यंत खाल्ली, हेही तितकंच खरं. जिभेनं डोळा चाटणारं ते भेकर आणि ताटातला तो रस्सा यांची गाठ माझ्या मनात पडायला पुढे पुष्कळ काळ जावा लागला, आणि पडली तीही सैलच.

आपल्या कथांना मात्र ही गाठ फार आधीपासून ठाऊक असावी. हरणामागे गेलेला माणूस आपल्याकडे जसा गेला तसा कधी परतत नाही. सोन्याच्या हरणामागे राम गेला आणि मागे पर्णकुटी ओस पडली. हरणाच्या जोडीवर पंडूनं बाण सोडला. तो ऋषी निघाला, आणि त्याचा शाप एका कुळाला पुरून उरला. दुष्यंत हरणाचा पाठलाग करत आला आणि आश्रमाच्या कडेशी तपस्व्यांनी त्याला अडवलं, तिथून एक प्रेमकथा सुरू झाली खरी, पण तीही शापातून गेल्याशिवाय राहिली नाही. जेजुरीचा खंडोबा तेवढा शिकारीचं निमित्त काढून बाणाईकडे गेला आणि सुखरूप राहिला. घरी म्हाळसेनं त्याचं काय केलं ती गोष्ट वेगळी. राजे शिकार करत आणि कवी त्यांना शिक्षा देत, असा हा जुना व्यवहार. मृगया हे राजाचं व्यसनही मानलं आहे आणि व्यायामही. गावातल्या शिकारीबद्दल कवींनी फारसं लिहिलं नाही. तिथे शाप नव्हता, वाटे होते.

ते वाटे अंगणात पडत. सागाची पानं मांडायची आणि प्रत्येक पानावर थोडं थोडं घालत जायचं, हाडाचं, चरबीचं, काळजाचं, म्हणजे कुणाचं पान जड नको. हाकाऱ्यांचा वाटा, बार टाकणाऱ्याचा वाटा, कुत्र्याचा वाटा. होय, कुत्र्याचाही, तो त्याच्या मालकाच्या घरी जाई हा भाग निराळा. घरात कुणी आजारी किंवा बाळंतीण असेल तर त्या घरचं पान न बोलता वेगळं निघे. ओलं मांस लागलं की सागाचं पान तांबडं होतं, त्या तांबड्या डागांच्या पुड्या हातात घेऊन आम्ही पोरं घरोघरी पोचवायचो. भाऊबंदकीचा दावा चालू असलेल्या घरीही पुडी जायची. कोर्टात उभे राहून एकमेकांकडे न बघणारी माणसं त्या एका पानापुरती शेजारी होत. यात उदारपणा किती आणि टिकवायची सोय नसल्याचा नाइलाज किती, हे मी ठरवू जात नाही. घरोघरी शीतपेट्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे.

बायका या शिकारीत नव्हत्या. त्यांच्या वाट्याला पाटा-वरवंटा. पण त्यांचं रान वेगळं होतं आणि खरं सांगायचं तर ते जास्त बारमाही होतं. जूनचा पहिला मोठा पाऊस कोसळला की व्हाळाला पाणी येतं आणि नदीतले मासे अंडी घालायला उलटे चढत थेट कुणग्यात शिरतात. मग घरातलं कुणीच घरात नसे. आई, काकू, आम्ही पोरं, डोक्यावर इरलं, हातात टोपली, आणि पायाच्या घोट्यावर माशांच्या धडका. रात्री नारळाच्या झावळ्यांची चूड पेटवून कुर्ल्या धरायच्या. उजेडानं दिपलेली कुर्ली दगडावर थबकते, तिला मागून, नांग्यांच्या मुळाशी धरायचं. श्रावणात वारुळाशेजारी अळंबी उगवतात, दरवर्षी बहुधा त्याच जागी, आणि ती जागा आजीनं आपल्या सुनांनाही लवकर सांगितली नव्हती. दागिने दिले, अळंबीची जागा नाही. याला छंद म्हणावं तर पोटासाठी होतं आणि पोटासाठी म्हणावं तर घरात भात-आमटी असतानाही सगळे भिजत होतेच.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला. १९९१ च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. फार बरं झालं. रानं ज्या वेगानं विरत होती तो पाहता तसं झालं नसतं तर आज भेकर चित्रातच दाखवावं लागलं असतं. कायद्याआडून अजूनही जे चालतं, जीपचे दिवे मारून आंधळं केलेलं जनावर टिपणं, किंवा डुकरासाठी म्हणून लावलेली तारेची फासकी, जिच्यात कधी बिबट्याही तडफडतो, त्याला शिकार म्हणताना माझी जीभ अडखळते. तिथे वारा कुणी बघत नाही. फासकी लावणारा तर तिथे नसतोच. आजोबांनी कायदा आल्यावर बंदूक तेल लावून आढ्याला ठेवली, भाताला डुकरं पडली तेव्हा आवाज काढण्यापुरती खाली घेतली. काही बोलले नाहीत. फक्त संध्याकाळी ओसरीवर त्यांना काय करावं सुचत नसे. आणि मला आता वाटतं की त्यांचं जे गेलं ते मांस नव्हे, बारही नव्हे. नातवाची हनुवटी धरायचं निमित्त गेलं. कायद्यात त्याची नोंद कुठल्या कलमात करणार!

माझा एक भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये असतो, शहराबाहेर, मक्याच्या शेतांना लागून. तो सांगतो ते ऐकताना मला आमचंच अंगण दिसायला लागतं, फक्त बर्फात. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी, तिथे बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम लागतो. पहाटे चारला गावातले दिवे लागतात, आजोबा, मुलगे, नाती भडक नारिंगी कपडे घालून निघतात. नारिंगी एवढ्यासाठी की माणसानं माणसाला हरीण समजू नये. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. मग झाडावरच्या मचाणात गोठत बसायचं, पांढऱ्या शेपटीच्या हरणाची वाट बघत. तिथे हरणं उदंड आहेत, परवाना आहे, आणि काळजीही आहे: २००२ पासून तिथल्या हरणांत मेंदू पोखरणारा एक रोग सापडतो आहे, म्हणून पुष्कळ लोक मांस खाण्याआधी तपासून घेतात. भाच्याच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला एकदा मांसाची पुडी आणून दिली, आमच्यासारखीच, पण पानाऐवजी पांढऱ्या कागदात. सूनबाईनं ते मालवणी वाटपात शिजवलं, थोडं परत पाठवलं, आणि म्हाताऱ्यानं दारात उभं राहून डोळ्यातलं पाणी पुसत ते खाल्लं म्हणे. कृतज्ञतेचं की मिरचीचं, याविषयी त्यांच्या घरात दुमत आहे.

त्याच विस्कॉन्सिनात आल्डो लिओपोल्ड राहत असे. तरुणपणी लांडगा दिसला की गोळी घालायची हाच धर्म मानणारा हा माणूस. लांडगे कमी तेवढी हरणं जास्त, असा त्याचा साधा हिशेब. पुढे लांडगे संपले, हरणं वाढली आणि त्यांनी डोंगरच्या डोंगर ओरबाडून बोडके केले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. हे ज्यात लिहिलं ते त्याचं पुस्तक १९४९ साली, तो गेल्यानंतर निघालं. शिकार त्यानं सोडली नाही, पण बंदुकीमागचा डोळा बदलला. आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकरांनी तरुणपणी बंदूक घेऊन रानं तुडवली आणि पुढे तीच पावलं वही नि दुर्बीण घेऊन नागझिऱ्यात फिरली. मला नेहमी वाटतं, त्यांच्या त्या बघण्यातला निवांतपणा आधीच्या बसण्यातून आला असावा. ज्याला जनावर टिपायचं असतं त्याला त्याची सवय, पाणी, वाट सगळं ठाऊक करून घ्यावं लागतं. हे इतकं निरखणं प्रेमाच्या किती जवळचं आहे, आणि तरी प्रेम नव्हे, या विचारापाशी मी दरवेळी येतो आणि तिथेच घुटमळतो.

आता भेकरं पुन्हा परसापर्यंत येतात, गवे भातात उतरतात, आणि काका वनखात्याच्या पंचनाम्याची वाट बघत बसतात. चढणीचे मासे मात्र कमी झाले. अंड्यांनी भरलेली मादी वाटेतच धरायची, हे आम्ही सगळे हसत हसत करत आलो. भेकराला कायदा मिळाला, माशाच्या पोटातल्या अंड्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. लक्ष गेलं ते माझ्या पुतणीचं. ती पुण्यात शिकते, रात्री आंबोलीला जाऊन बेडकांचे आवाज टिपते, आणि बसण्याआधी चिमूटभर माती सोडून वारा बघते. हे तिला कुणी शिकवलं ते तिला आठवत नाही. मीच शिकवलं असणार, आणखी कोण!

यंदा पहिल्या पावसाला सगळ्यांनी गावी यायचं असं तिनं फर्मान काढलं आहे. गमबूट, डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या, यादी तयार आहे. अटही आहे: पोटाखाली पिल्लं असलेली कुर्ली धरायची नाही, आणि बाकीच्यांपैकीही बऱ्याच फोटो काढून सोडून द्यायच्या. फोनवर हे ऐकून काकू थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “फोटो काढून सोडलंस तर मगे सारात काय घालू, फोटो?” त्यावर बराच वाद झाला. शेवटी माणशी दोन कुर्ल्यांवर तडजोड झाली आहे, पण काकूच्या मते मी, भाचा आणि तीन शेजारीही माणसांतच मोजायचे, आणि भाचा विस्कॉन्सिनात आहे ही गोष्ट ती अजून मान्य करत नाही.