घोटभर पाणी, चिमूटभर मीठ

मराठी घरात काळजी दाखवायची एक ठरलेली पद्धत असते. कुणी दमून आलं की पहिला प्रश्न, ‘पाणी देऊ का?’ माझ्या बाबांनी वयाच्या ५५व्या वर्षी मॅरेथॉन धावायचं ठरवलं, तेव्हा आईची सगळी काळजी याच एका वाक्यात गोळा झाली. बेळगावहून तिचा फोन यायचा, “अगं, तू तरी सांग त्यांना, पाणी भरपूर प्या म्हणावं. माझं ऐकतच नाहीत.”

मी बेंगळुरूत नोकरी करते. इथे रविवारी पहाटे कब्बन पार्कात गेलात, तर अख्खं शहर धावायला निघालंय असं वाटतं. कॉलेजची मुलं, आयटीतली मंडळी, साठी ओलांडलेल्या आजीसुद्धा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, त्यामुळे पहाटेची हवा गार. घाम येतो आणि वाऱ्यावर वाळूनही जातो. अंगातून किती पाणी गेलं, याचा अंदाजच येत नाही. बाबा महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचे आणि आम्ही दोघं इथेच सराव करायचो. आईचा निरोप मी पोहोचवायचे. पण ‘भरपूर’ म्हणजे किती, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

पाण्याची आबाळ झाली तर काय होतं, याची चर्चा देशभर झाली ती २०१६च्या रिओ ऑलिंपिकनंतर. ओ. पी. जैशा ही आपली धावपटू २ तास ४७ मिनिटांत मॅरेथॉन पूर्ण करून अंतिम रेषेपाशी कोसळली. आदल्याच वर्षी बीजिंगमध्ये तिने २ तास ३४ मिनिटांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. बेंगळुरूत परतल्यावर तिने सांगितलं, की वाटेत भारताच्या टेबलावर तिला पाणी द्यायला कुणीच नव्हतं. अॅथलेटिक्स महासंघाने ते नाकारलं. खास पेयं तिला आणि तिच्या प्रशिक्षकालाच नको होती, असं त्यांचं म्हणणं. कोण बरोबर, हे ठरवणारी मी कोण? पण इतक्या मोठ्या पातळीवरही वाटेत कुठे काय प्यायचं, कोण देणार, हे आधी पक्कं करावं लागतं, एवढं मला त्यातून कळलं.

याची दुसरी बाजू मात्र आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये सिंथिया लुसेरो ही २८ वर्षांची मुलगी वाटेत कोसळली आणि नंतर वारली. कारण पाणी कमी पडणं नव्हतं. शरीराला झेपेल त्याहून जास्त पेय पोटात गेल्याने रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरलं होतं. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचं रक्त संशोधकांनी तपासलं, तर १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं. डॉक्टर याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. रक्त पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात. बोटं फुगली तर अंगठी रुतते, एवढंच. मेंदू फुगला तर त्याला कवटीत जागाच नसते.

हे सगळं मी वाचलं होतं. पण खरं समजलं ते बेंगळुरूबाहेरच्या एका शर्यतीत. बाबा धावत होते आणि मी साधारण तिसाव्या किलोमीटरला पाण्याच्या टेबलावर स्वयंसेवक होते. पन्नाशीचे एक काका डुलत डुलत आले आणि कडेला बसले. चेहरा सुजल्यासारखा, उलटी झालेली, बोलणं तुटक. सोबत आलेल्या काकू घाबरून एकेक ग्लास त्यांच्या तोंडाला लावत होत्या, “अहो, अजून दोन घोट घ्या ना.” मी पुढची बाटली उघडणार, तेवढ्यात तिथल्या डॉक्टरबाईंनी हात धरला. काकांच्या बोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अंगठी बघ. सकाळपासून किती प्यायलेत ते आधी विचार.” काकूंनी हिशेब सांगितला. दर टेबलावर दोन ग्लास, शिवाय हातातली बाटली. पाणी थांबलं, अँब्युलन्स आली. संध्याकाळी ते बरे असल्याचं कळलं. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं. माझी आई तिथे असती, तर तिनेही हेच केलं असतं. बाबा त्या टेबलावर येईपर्यंतची पुढची वीस मिनिटं मी नुसती रस्त्याकडे बघत उभी होते. आले, तेव्हा आधी त्यांच्या अंगठीकडे पाहिलं.

मग प्यायचं किती? आजचे बहुतेक जाणकार सांगतात, तहान लागेल तसं प्या. घाम प्रत्येकाचा वेगळा. कुणाचा तासाला अर्धा लिटर, कुणाचा दीड-दोन लिटर. आपला किती, हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. तासभर धावायच्या आधी आणि नंतर, अंग पुसून वजन करा. एक किलो कमी भरलं, म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. मध्ये पाणी प्यायला असाल तर तेही त्यात मिळवा. शर्यतीनंतर वजन थोडं कमी भरणं ठीक आहे. वाढलेलं भरलं, तर समजा जास्त प्यायलात.

पाण्याइतकंच खाणंही महत्त्वाचं. शरीरात साखरेचा जो साठा असतो, त्यातून जेमतेम २,००० कॅलरी मिळतात. धावताना दर किलोमीटरला, दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी २,५०० लागतील. थोडं काम चरबी करते, तरी बरेच जण तिशीच्या पुढच्या किलोमीटरांत अचानक गळून जातात, ते यामुळेच. म्हणून दोन तासांहून लांब धावायचं असेल, तर पहिल्या तासापासूनच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. भूक लागायची वाट बघू नका.

बाजारात त्यासाठी जेलच्या पुड्या मिळतात. बाबांना त्या गिळवत नाहीत. आमचा हिशेब स्वयंपाकघरातला आहे. एक मोठं केळं म्हणजे साधारण २५ ग्रॅम, गुळाचा सुपारीएवढा खडा म्हणजे १५-२० ग्रॅम. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आपल्याकडे नुसतं पाणी नाही, गूळ-पाणी ठेवायची रीत होती, ती काही उगाच नव्हे.

साखर आणि मीठ सोबत असले की आतड्यातून पाणी लवकर आत खेचलं जातं. ओआरएसमागचं शास्त्र हेच. १९७१मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि पाणी यांच्या साध्या मिश्रणावर असंख्य जीव वाचवले. पण एक ध्यानात ठेवा. एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम असतं. त्यातून मीठ मिळेल, धावायची ताकद नाही. त्यासाठी खावंच लागेल. इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारं शहाळं छानच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. शर्यतीनंतर प्या, सोबत काहीतरी खारट खा.

बाबांना रक्तदाबाची गोळी आहे. त्यामुळे मिठाचं प्रमाण आम्ही त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवलं. तुमच्या घरीही रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर हे आधी करा. धावताना अंग दुखतं म्हणून परस्पर वेदनाशामक गोळी घेऊ नका, तिने मूत्रपिंडावर ताण येतो. आणि शर्यतीच्या दिवशी नवं काहीच खाऊ नका. जे खायचं, ते सरावात चार वेळा खाऊन पोटाला पटवून घ्या.

घरच्यांसाठीही काम आहे. वाटेत उभे राहणार असाल, तर नुसती बाटली पुढे करू नका. आधी विचारा, तहान लागलीय का? शेवटचं कधी खाल्लंस? आज कुठला वार? उत्तर अडखळलं, डोकं खूप दुखतंय म्हणाले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर काही पाजण्याआधी डॉक्टरांना हाक मारा. तहानेनेही असंच होऊ शकतं आणि जास्त पाण्यानेही. बघून फरक ओळखणं आपल्याला जमणार नाही.

आईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे पाणी द्यायच्या आधी माणसाकडे नीट बघायचं, एवढंच ना?” मी म्हटलं, “हो गं, एवढंच.” आता बाबा सरावाला निघाले, की ती त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात गुळाचे चार खडे मोजून बांधून देते आणि परतल्यावर कागदात किती उरले, ते बघते.