सावलीचा वाटा

गुरूवाचून शिकणाऱ्याची एक सोय असते : त्याला रागावणारे कोणी नसते. त्याची गैरसोयही नेमकी हीच. छायाचित्रणात आम्ही या एकलव्यपंथाचे. एकलव्यापुढे निदान गुरूची मूर्ती होती. आमच्यापुढे कॅमेऱ्याबरोबर आलेली माहितीपुस्तिका होती. शटर आणि अ‍ॅपर्चर यांचे नाते पुस्तिका सांगते. चित्र कशासाठी काढावे, हे सांगत नाही. ते आम्हांला चित्र पाहणाऱ्यांनी शिकवले, आणि तेही बहुधा नकळत.

साहित्यात अभिप्रायांचे जे प्रकार आढळतात, तेच येथेही आढळतात. 'छान', 'अप्रतिम' हा पहिला. तो सौजन्याचा भाग होय. दुसरा नियम सांगणाऱ्यांचा : क्षितिज तिरपे नको, विषय मधोमध नको. वृत्तदोष दाखवणाऱ्या परीक्षकाइतकाच तो उपयोगी, आणि तेवढाच अपुरा. तिसरा प्रकार दुर्मीळ : पाहणारा चित्रालाच प्रश्न विचारतो. आमची जी काही वाटचाल झाली ती या तिसऱ्या प्रकाराच्या आधाराने. त्याचे एक उदाहरण येथे देतो.

कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट रुंद आहे. त्याचे तोंड पश्चिमेला. दर्शनी बाजूच्या नालाकृती गवाक्षातून उजेड येतो, तो मधल्या दालनावर आणि स्तूपावर पसरतो. खांबांपलीकडच्या वाटा मात्र अंधारात राहतात. वरच्या प्राचीन लाकडी फासळ्या अर्ध्या दिसतात, अर्ध्या कल्पाव्या लागतात. स्तूपाकडून दाराकडे कॅमेरा रोखला की पेच उभा राहतो. गवाक्ष नीट टिपावे तर खांब काळे पडतात. खांब टिपावेत तर गवाक्ष पांढरेफटक होते.

यावर तोड म्हणजे 'हाय डायनॅमिक रेंज', अर्थात एचडीआर. एकाच दृश्याची वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र करायची, आणि प्रकाशाचा तो विस्तार पडद्याला पेलेल अशा छटांत बसवायचा. या दुसऱ्या कृतीला टोन मॅपिंग म्हणतात. संरक्षित वास्तूत ट्रायपॉड वापरण्यास परवानगी लागते, म्हणून आम्ही जमिनीवर पिशवी ठेवून तिच्यावर कॅमेरा टेकवला आणि टायमर लावून पाच चित्रे घेतली : 1/60, 1/15, 1/4, 1 आणि 4 सेकंद. पहिल्या आणि शेवटच्या चित्रांत पोहोचलेल्या प्रकाशात सुमारे अडीचशे पटींचा फरक. मध्येच कोणी फिरकले, तर एकत्रित चित्रात त्याचे भूत उमटते. म्हणून थांबणे हाही तंत्राचाच भाग.

कल्पना मात्र जुनी आहे. 1850 च्या दशकात गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने आपल्या काही सागरचित्रांत आकाश एका निगेटिव्हवरून आणि समुद्र दुसरीवरून छापला, कारण तेव्हाच्या काचेवर दोन्ही एकदम नीट उतरत नसत. पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी 1997 साली, अनेक छायाचित्रांतून दृश्याचा खरा प्रकाशविस्तार कसा काढावा, याची गणिती रीत मांडली. आज मोबाइल फोन असेच काहीसे काम न विचारता उरकतो.

आम्ही एका एक्स्पोजरचे चित्र आणि पाचांचे एकत्रित चित्र शेजारी ठेवून परिचितांपुढे मांडली. बहुतेकांनी दुसरे पसंत केले. त्यात प्रत्येक खांबावरचे हत्ती मोजता येत होते. एका निवृत्त चित्रकला-शिक्षकांनी मात्र एवढेच विचारले, "यात उजेड कुठून येतो आहे?"

प्रश्न साधा, पण त्याचा रोख खोल. डोंगर कोरणाऱ्यांनी गवाक्षाची जागा ठरवली, तेव्हा अंधाराचीही ठरवली. स्तूप उजळ दिसतो तो बाजूच्या वाटा काळोख्या आहेत म्हणून. सर्व छटा समान पातळीवर आणणारे चित्र माहिती वाढवते, पण रचना पुसते. टीपांनी गजबजलेल्या कवितेच्या आवृत्तीत असेच होते. प्रत्येक शब्द कळतो आणि कविता निसटते.

यावर एका विद्यार्थिनीने हरकत घेतली, आणि तीही तितकीच वजनदार. ती म्हणाली, "पण सर, डोळा तरी एकाच एक्स्पोजरने कुठे पाहतो?" तो गवाक्षाकडे वळताना बाहुली आकुंचन पावते, खांबाकडे वळताना विस्फारते, आपण घरी नेतो ती आठवण अनेक नजरांची जोडणी असते. मग एकत्रित चित्र खोटे कसे?

या दोन मतांच्या मधल्या जागेत आम्ही हल्ली काम करतो. पाचही चित्रे घेतो. पण छटा बसवताना आधी प्रकाशाची दिशा कागदावर लिहून ठेवतो आणि तिला बाध येईल तेथे हात आवरतो. हत्ती मोजता येतील इतपत खांब उजळतो, बाजूच्या वाटा मात्र तशाच राहू देतो. शिक्षकांना हे चित्र अजून थोडे उजळ वाटते, विद्यार्थिनीला थोडे काळे. दोघांचेही म्हणणे आम्ही चित्राच्या मागे पेन्सिलीने टिपून ठेवले आहे; पुढच्या खेपेस कार्ल्याला जाताना ते सोबत नेऊ.