'निष्काळजीपणा नडला' ही बातमी माझीच होती

परवा आमच्या एमआयडीसीत पुन्हा एक पोरगं भाजलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, 'शॉर्टसर्किट, एक जखमी', आणि पंधरा मिनिटांत चार पोर्टलवर तीच ओळ फिरली. डेस्कवरून मलाही फोन, "पाच ओळी टाका पटकन." मी म्हटलं, उद्या देतो. तिकडून उत्तर, उद्या कोण वाचणार? बरोबर आहे त्यांचं. तरी नाही दिल्या. त्यामागं एक जुनी गोष्ट आहे आणि ती माझ्याच अंगाशी आलेली आहे. जरा लांबण लागेल, सवडीनं वाचा.

सात वर्षं झाली. पावसाळ्याचे दिवस होते. एका कारखान्यात (नाव घेत नाही, आता मालकही बदललाय) एक वायरमन शिडीवर काम करताना भाजला. दोन्ही हात, मान, चेहऱ्याची एक बाजू. संध्याकाळी कारखान्याच्या ऑफिसातून टाइप केलेला कागद आला. 'सुरक्षा नियमांकडे दुर्लक्ष करून चालू वीजवाहिनीवर काम करत असताना' वगैरे. पोलीस ठाण्यातही जवळपास तेच शब्द. मी दोन्ही जुळवलं आणि मथळा दिला, 'निष्काळजीपणा नडला. वायरमन गंभीर भाजला'. मथळा चांगला जमला असंही वाटलं होतं. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी एका मिस्त्रींचा फोन आला. सूतगिरणीत इलेक्ट्रिक खात्यात तीस वर्षं काढून रिटायर झालेले, बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगचं छोटं दुकान. ओळख नव्हती. म्हणाले, "पत्रकार, तो डबा बघितला का तुम्ही?"

"कुठला डबा?"

"मग बातमी कशी लिहिली?" आणि फोन ठेवला.

राग आला होता, पण गेलो. दुकानात तांब्याच्या तारेचे गुंडाळे, वार्निशचा वास, आणि टेबलावर माझ्यासाठीच काढून ठेवल्यासारखा एक पत्र्याचा डबा. भंगारातून आणलेला. त्याच्या पाठीमागून पितळी चिमट्यासारखे तोंड उघडे असलेले जबडे बाहेर आलेले. याला टॅप-ऑफ बॉक्स म्हणतात. कामगार नुसतं 'डबा' म्हणतात.

आता हे समजून घ्यायला इलेक्ट्रिकल डिप्लोमा लागत नाही. मला समजलं म्हणजे तुम्हालाही समजेल. मोठ्या शेडमध्ये प्रत्येक मशीनला मेन पॅनेलपासून वेगळी केबल ओढायची तर केबलचं जंगल होतं. म्हणून छताखालून एक लांबच लांब पत्र्याचा डक्ट नेतात. त्याच्या आत वायर नसते, तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्या असतात. तीन फेजच्या तीन, एक न्यूट्रल, आणि अर्थिंग. याला बसबार ट्रंकिंग म्हणतात. या डक्टला ठरावीक अंतरावर खिडक्या असतात. जिथं मशीन असेल तिथल्या खिडकीत हा डबा खोचायचा, जबडे पट्टीला घट्ट धरतात, आणि डब्यातून केबल खाली मशीनला. मशीन हलवलं की डबा काढायचा, दुसऱ्या खिडकीत लावायचा.

"आकडा माहितीय ना?" मिस्त्री म्हणाले. "तारेवर आकडा टाकायचा आणि वीज घ्यायची. हा कायदेशीर आकडा. फरक एवढाच की आकडा टाकणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून शहाण्या माणसांनी यात चार गोष्टी घातल्यात."

त्या चार गोष्टी त्यांनी मला बोट लावून दाखवल्या. एक, डबा खोचताना सगळ्यात आधी अर्थिंगचा जबडा लागतो आणि काढताना तो सगळ्यात शेवटी सुटतो. (घरातला थ्री-पिन प्लग काढून बघा. वरची पिन लांब आणि जाड असते. ती उगाच नाही. इतकी वर्षं मी प्लग लावतोय, मला माहीत नव्हतं.) दोन, डबा उलटा बसू नये अशी खाच. तीन, डबा काढल्यावर खिडकी आपोआप झाकणारी पट्टी, म्हणजे कुणाचं बोट किंवा पाना आत जाऊ नये. आणि चौथी गोष्ट इंटरलॉक. डब्याचा खटका चालू असेल तर झाकण उघडत नाही, आणि डबा खिडकीत बसतही नाही, निघतही नाही. आधी खटका बंद, मगच हात लावायचा. खटक्याला आतून एक दांडी जोडलेली असते, ती आडवी येते.

त्यांच्या टेबलावरच्या डब्याला ती दांडी नव्हती. करवतीनं कापलेली दिसत होती.

"का कापतात?"

"अहो, मशीन मधेच बंद पडलं, झाकण उघडून बघायचंय, पण खटका बंद केला तर प्रॉडक्शन थांबतं. मग चालू लाइनवर उघडता यावं म्हणून कापतात. सुपरवायझरला रात्रीत बारा हजार नग द्यायचेत, त्याला दांडीचं काय?"

आता खटका चालू असलेला डबा खिडकीत खोचला तर काय होतं? जबडा पट्टीला पूर्ण चिकटायच्या आधी, केसाएवढं अंतर असताना, प्रवाह हवेतून उडी मारतो. वेल्डिंगवाला जो आर्क काढतो तोच हा. फक्त वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यावर काळी काच असते आणि आर्क कुठं होणार हे त्याला माहीत असतं. इथं तो चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होतो, 415 व्होल्टवर, आणि तांब्याची वाफ होऊन अंगावर येते. खालच्या केबलमध्ये आधीच बिघाड असेल तर विचारायलाच नको. त्या रात्री तसंच झालं होतं. मशीन सरकवताना केबल चेपली होती, हे नंतर त्याच्याच शिफ्टच्या पोरांनी मला चहाच्या टपरीवर सांगितलं. आणि हेही सांगितलं की मेन पॅनेलमधून बसबार बंद करू का, असं त्यानं दोनदा विचारलं होतं. उत्तर काय मिळालं असेल ते तुम्ही ओळखा.

मग मिस्त्रींनी बिलबुक काढलं. तेच, निळ्या कार्बनचं. मे महिन्यात ते त्याच कारखान्यात दोन मोटारी जोडायला गेले होते. बिलाच्या खाली त्यांच्या गिचमिड अक्षरात एक ओळ होती, 'वरच्या डब्यांचे इंटरलॉक काढलेले आहेत, बसवून घ्यावेत. खिडक्यांना झाकण नाही.' खाली स्टोअरच्या माणसाची सही. तारखेसकट.

मी त्या ओळीकडं बघत बसलो. माझ्या बातमीत 'निष्काळजीपणा' हा शब्द एकदा मथळ्यात आणि दोनदा मजकुरात होता. कुणाचा, हे मी विचारलंच नव्हतं.

दवाखान्यात गेलो तेव्हा तो झोपला होता. त्याची बायको बाहेर बाकावर. मी कोण ते सांगितलं. तिनं पिशवीतून माझ्याच बातमीचं कात्रण काढलं. मला वाटलं आता बोलणार. ती म्हणाली, "दादा, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग तुम्हालाच कळंल याचा अर्थ," आणि वकिलाचं पत्र हातात दिलं. भरपाईच्या मागणीला कारखान्यानं दिलेलं उत्तर. त्यात म्हटलं होतं की कामगारानं स्वतःच सुरक्षा साधन काढून टाकलं, आणि सोबत जोडलेल्या कागदांत माझी बातमी.

इथं थोडा कायदा सांगावा लागेल. तेव्हा लागू असलेला कर्मचारी भरपाईचा कायदा 1923 चा होता. कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची, त्यात कामगाराची साधी चूक असली तरी. पण एक पळवाट आहे. कामगारानं जाणूनबुजून सुरक्षेचा नियम मोडला किंवा जाणूनबुजून सुरक्षा साधन काढलं, आणि त्यामुळंच इजा झाली, असं दाखवता आलं तर मालक सुटू शकतो. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला तर मात्र ही सबब चालत नाही. म्हणजे हा पोरगा मेला असता तर माझ्या मथळ्यानं काही बिघडलं नसतं. तो जगला, म्हणून बिघडत होतं.

त्या रात्री घरी जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं.

पुढचं थोडक्यात. तो कारखान्यात लागला होता जूनमध्ये, ठेकेदाराकडून. मिस्त्रींच्या बिलावर तारीख मे महिन्याची. दांड्या त्यानं कापल्या असणं शक्यच नव्हतं. ही एक कार्बन कॉपी वकिलाच्या हातात गेल्यावर कारखान्याचा सूर बदलला आणि तडजोड झाली. मागितली होती त्यापेक्षा बरीच कमी रक्कम. उजव्या हाताची दोन बोटं त्याची आजही मिटत नाहीत. हल्ली पिठाची गिरणी चालवतो. मी समोर दिसलो की नमस्कार करतो, आणि तो नमस्कार मला जड जातो.

माझ्या पेपरानं काय केलं? मी पाठवलेली नवी बातमी नऊ दिवस पडून राहिली. नंतर आतल्या पानावर सहा ओळी आल्या. 'खुलासा' हा शब्द त्यात नव्हता, जाहिरात विभागाला तो आवडला नसता. मीही भांडलो नाही. तेव्हा मुलीच्या शाळेची फी थकली होती. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हाची परिस्थिती म्हणून सांगतोय.

एक झालं, मिस्त्रींच्या दुकानात जायची सवय लागली. 'शॉर्टसर्किट' या शब्दावर त्यांचा भारी राग. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला 10 नवजात बाळं गेली, त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला नगरच्या रुग्णालयात 11 रुग्ण गेले. दोन्ही वेळेला पहिल्या दिवशी सगळीकडं तोच शब्द. मिस्त्री म्हणायचे, "शॉर्टसर्किट म्हणजे देवाची करणी झालीय तुमच्या पेपरात. कुणाला जबाबदार धरायला नको."

त्यांनी मला एका पाकिटावर गणित मांडून दाखवलं होतं, ते अजून माझ्या डायरीत आहे. जबडा ढिला झाला, पट्टीवरचा मुलामा घासला गेला, स्क्रू मशीनच्या थरथरीनं सैल झाला, की त्या सांध्याचा रोध वाढतो. समजा तो 0.04 ओहम झाला आणि त्यातून 50 अँपिअर जाताहेत. 50 गुणिले 50 गुणिले 0.04, म्हणजे 100 वॅट. जुना पिवळा शंभरचा बल्ब आठवा, त्याला हात लावून बघायची कुणाची टाप नव्हती. तेवढी उष्णता एका बोटाएवढ्या सांध्यात, रात्रंदिवस. आणि गंमत म्हणजे एमसीबी पडत नाही. कारण प्रवाह तर नेहमीचाच आहे, जास्त नाही. सांधा तापला हे एमसीबीला कळत नाही. स्प्रिंग तापून आणखी सैल होते, सैल झाली की आणखी तापते. एक दिवस इन्शुलेशन वितळतं, आणि मग सगळ्यात शेवटी शॉर्टसर्किट होतं. आपण बातमी शेवटापासून सुरू करतो.

हे फक्त कारखान्यापुरतं नाही. आमच्या गावातल्या एका सरकारी ऑफिसात मध्यंतरी आठवडाभर सुकटाचा वास येत होता. कोण डब्यात सुकट आणतं यावर शिपायापासून साहेबापर्यंत चर्चा, दोघा कोकणातल्या कर्मचाऱ्यांवर संशयसुद्धा. शेवटी केसिंग पट्टीमागचा सॉकेट काळा पडलेला सापडला. सॉकेटचं बेकलाइटसारखं प्लॅस्टिक तापलं की मासळीसारखा वास मारतं. एका सॉकेटवर एक्स्टेन्शन बोर्ड, त्याच्यावर दुसरा, त्यावर झेरॉक्स, कूलर, आणि चहाची इलेक्ट्रिक किटली. किटलीच्या प्लगची वरची लांब पिन पकडीनं तोडलेली, कारण ती बोर्डात बसत नव्हती. आणि शेजारच्या सॉकेटमध्ये प्लगच नाही, दोन उघड्या वायरी काडेपेटीच्या काड्यांनी खोचलेल्या. हसू नका, आधी घरी बघून या.

तर परवाचं. वीज अपघात झाला की विद्युत निरीक्षकांना कळवणं बंधनकारक आहे, वीज कायद्याच्या कलम 161 खाली. निरीक्षक येऊन बघतात, अहवाल देतात. पण बातमी त्याच्या आधी छापून शिळी झालेली असते, आणि अहवाल मागायला सहसा कुणी जात नाही. मीही सतरा वर्षं गेलो नव्हतो.

काल सकाळी मिस्त्रींना गाडीवर मागं बसवून गेलो. आता त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, शिडी चढणं जमत नाही, पण खालून बघून सांगतो म्हणाले. गेटवर वॉचमननं वही पुढं केली, "कुणाला भेटायचंय?"

मिस्त्री म्हणाले, "डब्याला."

आत सोडलं नाही. साहेब मीटिंगमध्ये होते, ते दुपारपर्यंत मीटिंगमध्येच होते. परत येताना निरीक्षक कार्यालयात लेखी अर्ज दिला, पोच घेतली. भाजलेल्या पोराच्या भावाचा नंबर मिळालाय, आज संध्याकाळी दवाखान्यात जातोय. त्या शेडमध्ये काम करणारं किंवा आधी केलेलं कुणी ही पोस्ट वाचत असेल, आणि वरच्या डब्यांना दांड्या होत्या की नाही हे ज्यांनी डोळ्यानं पाहिलंय, त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. नाव बाहेर येणार नाही. जुनं बिल, चिठ्ठी, मोबाइलवरचा फोटो, काहीही चालेल. तारीख असली तर उत्तम.