तलवाड्याचा पाऊस तलवाड्याच्याच नावावर

गेवराईत पाऊस झाला म्हणजे तलवाड्यात झालाच, असं आमच्या भागात कुणी धरत नाही. पावसाची गावनिहाय नोंद ठेवायची म्हणून मी 'आर' ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिकायला घेतली. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती घडवली, पहिली पक्की आवृत्ती २००० साली आली. ती फुकट मिळते, म्हणून गावात बसूनही शिकता येते.

सरावासाठी मनानेच आकडे घेतले. 'पाऊस' या नावात गेवराईचे ७० मिलिमीटर ठेवले, मग त्याच नावात तलवाड्याचे १२. आधीचे ७० पुसले गेले. एका जागी एका नावाला एकच किंमत राहते, हे तेव्हा कळलं.

यावर उपाय 'एन्व्हायर्नमेंट'चा. मी त्याला कप्पा म्हणतो. 'न्यू.एन्व्ह' लिहिलं की रिकामा कप्पा तयार होतो. 'असाइन'ला नाव, किंमत आणि कप्पा सांगायचा, की किंमत आत जाऊन बसते. 'एलएस'नं कप्प्यात डोकावलं, तर नुसतं 'पाऊस' दिसलं. आकडा हवा तर 'गेट' वापरावं लागतं.

पुढे मात्र डोकं चक्रावलं. तलवाड्याचा नवा, रिकामा कप्पा केला. बाहेर मुख्य जागेत गेवराईचे ७० पुन्हा ठेवले होते. तलवाड्याच्या कप्प्यातून 'गेट'नं पाऊस मागितला, तर उत्तर आलं ७०! कप्प्यात नाव सापडलं नाही, की 'आर' त्याच्या पालक-कप्प्यात शोधते, तिथं नसेल तर त्याच्याही वर. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. म्हणजे गेवराईच्या आकड्यावर तलवाड्यात अतिवृष्टी लागली असती, आणि पडद्यावर एकही इशारा नाही.

'गेट'मध्ये 'इनहेरिट्स' हा पर्याय 'फॉल्स' केला, तेव्हा 'आर'नं स्पष्ट सांगितलं: असं काही सापडलं नाही. हेच उत्तर खरं होतं.

आता नोंद नसलेल्या दिवशी मी कप्प्यात मुद्दाम 'एनए' भरतो, म्हणजे शोध तिथंच थांबतो. शून्य भरत नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, 'एनए' म्हणजे मोजलाच गेला नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात या दोन्हींची गल्लत होता कामा नये.