'डिसेंट' या एका शब्दासाठी

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गावात आपल्या वस्तीवर बहिष्कार टाकला होता. किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, शेतात मजुरी बंद. माहिती घ्यायला एका परदेशी संस्थेची दोन माणसं आली, सोबत शहरातून आणलेला दुभाषी. एक आजी सगळं सांगत होती. ती दर वेळी "बहिष्कार" म्हणाली आणि दुभाषी दर वेळी "डिस्प्यूट" म्हणाला. म्हणजे वाद, तंटा. बहिष्कारात टाकणारा एक असतो आणि सोसणारा दुसरा; तंट्यात दोघंही सारखेच. मी शेजारीच उभी होते, समाजशास्त्रात एम. ए. झालेली. शब्द चुकतोय हे मला कळत होतं. पण मध्ये बोलले आणि व्याकरण चुकलं तर? गप्प राहिले. पुढे अहवाल आला. त्या गावावर तीन ओळी होत्या आणि शब्द तोच, "डिस्प्यूट".

हे आता सांगायचं कारण, राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारी आपली काही मुलं-मुली रविवारी विहारात माझ्याकडे वाचायला बसतात. बहुतेक मराठी माध्यमाची. पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, फाडफाड बोलता कधी येईल?" त्यासाठी आईबापाच्या मजुरीतून स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी भरलेली असते. त्या क्लासला माझा विरोध नाही. पण तिथे स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात, करार वाचायला नाही.

उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरी जिल्ह्यातल्या बांका गावी चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने २०१० साली इंग्रजी देवीचं मंदिर बांधायला घेतलं. त्यामागची तळमळ मला समजते. पण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने इंग्रजीलाही हात जोडू नयेत. तिला उलटंपालटं करून बघावं, तिचे सांधे कुठे आहेत ते शोधावं.

आमचा पहिला धडा 'द' या शब्दाचा होता. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे शाळेत आपण 'द' म्हणजे एका मार्काची रिकामी जागा समजतो. १९६७च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ केला. इस्रायलने व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. इस्रायल म्हणतं, म्हणजे सगळे प्रदेश सोडायचे असं ठरलेलंच नाही. फ्रेंच मसुद्यातून मात्र सगळेच प्रदेश असा अर्थ निघतो, आणि अरब देश तो धरून बसले. एका 'द'वर इतकी वर्षं वाद चाललाय. 'शॅल'चंही तसंच. शाळेत आपण शिकलो, 'आय' आणि 'वुई'सोबत येतं ते 'शॅल'. करारात 'शॅल' म्हणजे बंधन आणि 'शुड' म्हणजे नुसती अपेक्षा. २०१५च्या पॅरिस हवामान करारात विकसित देशांबद्दलच्या एका वाक्यातलं 'शॅल' अगदी शेवटच्या घटकेला 'शुड' झालं. अमेरिका त्याशिवाय तयार नव्हती.

मग आम्ही आपल्या शब्दाकडे आलो. 'डिसेंट'. देवनागरीत हा शब्द घात करतो. सभ्य म्हणजे डिसेंट, असहमती म्हणजे डिसेंट आणि वंश, जन्म, कूळ म्हणजेही डिसेंट. इंग्रजीत तिन्हींचं स्पेलिंग वेगळं. एका मुलीने वहीत तिन्ही एकाखाली एक लिहिले आणि म्हणाली, "आपल्याला तिन्ही लागतात की, ताई." हसलो सगळे.

वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५चा. भेदभावाचे आधार त्याच्या पहिल्याच कलमात आहेत : वंश, रंग, 'डिसेंट', राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ. यातला 'डिसेंट' मसुद्यात आला तो भारताच्याच दुरुस्तीने. पुढे जातीचा प्रश्न या करारात बसतो असं आपले लोक म्हणू लागले, तेव्हा भारत सरकारने सांगितलं की त्या शब्दात जात येत नाही. २००१ साली डर्बनच्या परिषदेत दलित कार्यकर्त्यांनी जोर लावला, तरी अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. २००२मध्ये कराराच्या समितीनेच स्पष्ट केलं की 'डिसेंट'मध्ये जात येते. सरकारची भूमिका त्यानंतरही बदलली नाही. या भांडणात उतरायचं तर उच्चार अमेरिकन असून काय उपयोग? कलम, दुरुस्ती, समितीचा खुलासा आणि सरकारचं उत्तर, चारही शेजारी ठेवून वाचता आली पाहिजेत.

काही मित्र म्हणतात, चळवळ मराठीतच चालते, इंग्रजीचा सोस कशाला? बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती इंग्रजीत, आणि पुढच्याच वर्षी 'मूकनायक' काढलं ते मराठीत. आपल्या माणसांशी एका भाषेत, सत्तेशी दुसऱ्या भाषेत, आणि मध्ये दुभाषी नाही. दोन्हीकडचं लिहिणारा हात एकच होता.

आमची पद्धत साधी आहे. तासाला एकच परिच्छेद. क्रियापद कोणतं, 'निर्णय घेते' की 'आवाहन करते'? कर्ता कुठे गेला? 'घरं जाळली गेली' असं लिहिलंय, तर जाळणाऱ्याचं नाव कोणी आणि का गाळलं? डोकं दुखतं, मुलं जांभया देतात, एखादा पुढच्या रविवारी येत नाही. मोबाइलवरचं भाषांतर मी आधी करू देत नाही. ते नंतर ताडून बघायला.

गेल्या महिन्यात मी तो जुना अहवाल वाचायला दिला. गाव कुठलं, तिथे मी होते, काहीच सांगितलं नाही. तीन मिनिटांत एका मुलाने 'डिस्प्यूट'खाली रेघ ओढली. म्हणाला, "दुकान बंद केलंय, गिरणी बंद केलीय, मग हा वाद कसा?" मग मी सगळं सांगितलं, गप्प राहिले तेही. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग त्यानेच विचारलं, "आता बदलून मागता येईल का?"

त्या संस्थेला पत्र लिहायला घेतलंय. तिसरा मसुदा झाला. आजी आता नाहीत, त्यांच्या सुनेला मराठीत वाचून दाखवला. तिने एक चूक काढली : किराण्याआधी पाणी बंद केलं होतं. तेवढं घालायचं राहिलंय.