तूट

आमच्या आईचा साऱ्या जगावर विश्वास होता. अपवाद फक्त चार : गवळी, सोनार, शिंपी आणि पिंजारी. गवळी दुधात पाणी घालतो, सोनार सोन्यातून सोने काढतो, शिंपी कापड ठेवून घेतो आणि पिंजारी कापूस बदलतो, हे तिने कोणत्या पोथीत वाचले होते कोण जाणे! पण त्यावर तिची श्रद्धा अढळ होती. दुधाला इलाज नव्हता. सोन्याचा प्रश्न आमच्या घरात दहा वर्षांतून एकदा उद्भवे. शिंप्याकडून ती उरलेल्या चिंध्यासुद्धा मागून आणी. राहता राहिला पिंजारी. त्याच्याकडे कापूस दिला, की घरातले एक माणूस तिथे राखणीला बसवायचे, असा आमचा दंडक होता.

1971 च्या दिवाळीच्या सुट्टीत हा मान माझ्याकडे आला. मी सातवीत होतो. वडील बुलढाण्याच्या कलेक्टर कचेरीत कारकून. घरात त्यांच्याहून रिकामे माणूस मी एकटाच होतो.

आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. घाटावर आणि घाटाखाली. वाटणी करताना देवाने थोडी गफलत केली. कापसाचा मोठा बाजार त्याने घाटाखाली खामगावला दिला आणि थंडी दिली घाटावर, बुलढाण्याला. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी चालली, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पुढे 1870 साली केवळ कापसासाठी जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा आला. इतिहासाच्या पुस्तकात हे वाचताना माझी छाती फुगायची. घरी येऊन पाहावे तर आमच्या रजईत आईच्या लग्नातला कापूस! त्याचे इतके गठ्ठे झाले होते, की पांघरल्यावर अंगावर कोणीतरी बटाट्याचे पोते पालथे केले आहे असे वाटे.

तो कापूस आईने स्वतः तोलला. बरोबर पाच किलो. आकडा हिशेबाच्या वहीत लिहिला, नवी खोळही वेगळी तोलून लिहिली आणि गाठोडे माझ्या डोक्यावर दिले. "नजर हलवू नकोस," ती म्हणाली. सीमेवरच्या जवानालासुद्धा इतक्या गंभीरपणे कोणी बजावले नसेल.

दुकान म्हणजे बाजाराच्या गल्लीतली एक लांबट खोली. पुढे गाद्या-उशांची चळत, मागे आढ्याला टांगलेले भलेमोठे पिंजण. सगळ्यावर कापसाचा थर. दुकानाच्या मालकांना आम्ही पोरे चाचा म्हणत असू. त्यांच्या भुवया मुळात पांढऱ्या होत्या की कापसाने झाल्या होत्या, हे फक्त ईदच्या दिवशी कळायचे.

गाठोडे पाहून चाचा हसले. "राखनीले आला का बापू? बस. पन राखन डोयानं करतात. हात कायले रिकामे ठिवतं?" आणि त्यांनी माझ्यापुढे आमचाच कापूस सोडायला टाकला.

मग माझ्या लक्षात आले, की इथे मी एकटा नाही. एका कोपऱ्यात एक आजीबाई नातीच्या लग्नाच्या गादीवर पहारा करत होत्या. दुसरीकडे एस. टी. ड्रायव्हरचा मेहुणा उशांवर लक्ष ठेवून बसला होता. आजी सुईत दोरा ओवून देत होत्या, मेहुणा खोळी उलट्या करत होता. साऱ्या बुलढाण्याचा चाचांवर अविश्वास होता, आणि त्या अविश्वासामुळे चाचांना एका पैशाचा नोकर ठेवावा लागत नव्हता!

जुना कापूस सोडणे म्हणजे नाकाला शिक्षा. गठ्ठा फोडला की वीस वर्षांची धूळ बाहेर येते आणि माणूस शिंकतो. मी शिंकलो की आजी "शतायुषी हो" म्हणत. त्या हिशेबाने मी अजून दोन-अडीच हजार वर्षे जगायला हरकत नाही. मग चाचा पिंजणाला हात घालत. लाकडी गोट्याने तात छेडली, की 'टँव टँव टुंग' असा आवाज निघे आणि दगडासारखा कापूस ढगासारखा उडू लागे. पिंजून झाला, की खोळ उलटी करून पसरायची, तिच्यावर कापसाचा सारखा थर द्यायचा, मग खोळ आणि कापूस मिळून वळकटी करायची आणि खोळीचे तोंड तिच्यावरून उलटवायचे. वळकटी उलगडली की बाहेरचा कापूस आत गेलेला! ही जादू मी किती वेळा पाहिली, पण अजून मला तिचे गणित सुटलेले नाही. शेवटी छडीने थोपटून कापूस सारखा करायचा आणि दोरे घालायचे.

दोरे घालायला चाचांनी मला खडूने सरळ रेघ मारून दिली होती. तरी माझी ओळ बुलढाण्याहून चिखलीला म्हणून निघाली आणि मलकापूरला पोचली. चाचांनी ती न बोलता उसवली. दुसरी ओळ निदान घाटात थांबली. तिसरीपासून मला सुई आवडू लागली.

इथे क्रिकेट आडवे आले. त्याच वर्षी वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडिजला आणि मग इंग्लंडला त्यांच्या घरी जाऊन हरवले होते. गल्लीगल्लीत कसोटी सामने चालू होते. मी यष्टिरक्षक होतो, कारण दुसरे काहीच मला येत नव्हते. यष्टिरक्षण तरी कुठे येत होते? चेंडू मी नडगीने अडवायचा. नडग्यांना पॅड हवे होते, पॅडला कापूस हवा होता, आणि मी बसलो होतो कापसाच्या डोंगरावर!

त्या वर्षी दिवाळीला लागूनच रमजान आला. दुपारी चाचा नमाजाला जात आणि जाताना म्हणत, "बापू, दुकान पाहाजो." एका दुपारी आजीही जेवायला गेल्या, मेहुणा घोरत होता. चाचांच्या ढिगाला मी हात लावला नाही. ती चोरी झाली असती. मी फक्त आमच्या घरच्या कापसातला घेतला. आपल्याच घरचा कापूस घेतला तर त्याला चोरी कसे म्हणायचे? टाकाऊ खारव्याच्या तुकड्यांत तो भरला, दोन दुपारी बसून दोन पॅड शिवले आणि चळतीमागे दडवून ठेवले. इतके सरळ टाके मी जन्मात घातले नव्हते.

रजई घरी आली. आईने तोलली, खोळीचे वजन वजा केले. सव्वाचार किलो. तिने पुन्हा तोलली. मग रजई माझ्या डोक्यावर देऊन ती स्वतः दुकानात आली.

"तू इथेच होतास ना?" तिने सगळ्यांदेखत मला विचारले.

"हो."

"सगळा वेळ?"

"हो."

हे दोन 'हो' मी कसे उच्चारले ते आठवले की अजून घसा कोरडा पडतो. चाचांनी माझ्याकडे पाहिले. मग चळतीकडे पाहिले. मग आईकडे.

"बाई, जुन्या कापसात तूट येतेच. अर्धा कापूस, अर्धी धूय. पन पाऊन किलो लय झाली. चूक माही हाये. पोराचं काई नाई. पोरगं राखनीले पक्कं."

त्यांनी तिथल्या तिथे शिवण उसवली, आपल्या ढिगातला पाऊण किलो नवा कापूस तोलून घातला आणि पुन्हा दोरे घातले. त्या दिवशी त्यांचा रोजा होता. उपाशीपोटी ते खोटे बोलले, तेही माझ्यासाठी.

आई जिंकून परतली. वाटेत भेटेल त्या बाईला तिने सांगितले, "माझा मुलगा बसला होता म्हणून कबूल झाला हो!" दुसऱ्या दिवशी एका गादीमागे दोन-दोन राखणदार आलेले मी पाहिले. एक वाक्य बोललो असतो तर हे थांबले असते. ते मला सुचत होते, पण जिभेवर येत नव्हते.

मी पॅड काढून चाचांपुढे ठेवले. त्यांनी ते उलटसुलट करून चाचपले.

"टाके झकास हाये. रजईले कामून नाई घातले असे?"

मी रडायला लागलो. चाचा म्हणाले, "रडू नको. पॅड घेऊन जाय. पन पाऊन किलोची मजुरी फेडा लागन."

म्हणून उरलेली सुट्टी मी खरेच काम केले. राखण नव्हे, काम. सहा रजया, चार गाद्या, उशा मोजल्या नाहीत. संध्याकाळी चाचा रोजा सोडत तेव्हा पहिला खजूर माझ्या हातावर ठेवत, आणि मी घरच्या फराळातली चकली त्यांच्यापुढे करी. फराळाचा डबा आईने मोजलेला होता. तिथेही तूट आली.

पुढच्या दिवाळीत गादी पिंजायची निघाली. आईने दर विचारायला निरोप पाठवला, तर चाचांचे उत्तर आले, "दर तुमी म्हनान तो. पन राखनीले बापूलेच धाडा, दुसरं कोनी नको." आईचा चेहरा फुलला. "बघ," ती वडिलांना म्हणाली, "कसा धाक बसवलाय पोराने!"

आई गेली, चाचाही गेले. दोघांनाही मी ते वाक्य ऐकवले नाही. एकीला सांगायची हिंमत नव्हती, दुसऱ्यांना सांगायची गरज नव्हती.

ती रजई मात्र अजून आमच्याकडे आहे. परवा पिंजायला दिली. आता पिंजण नाही, यंत्र आहे. दुकानातल्या पोराने घरघर करून काम उरकले आणि रजई काट्यावर टाकली. पाव किलो कमी भरली. पोरगा जरा घाबरून माझ्याकडे पाहू लागला.

"असू दे," मी म्हटले, "जुन्या कापसात तूट येतेच."