आईची खाट कुठे?

‘बाळ काचेत ठेवलंय’ असं नातेवाईक एकमेकांना फोनवर कळवतात, तेव्हा आई बहुधा वेगळ्याच मजल्यावर असते. टाके दुखत असतात, छाती दुधानं भरून आलेली असते आणि दीड किलोचं बाळ तिनं जेमतेम पाहिलेलं असतं. अतिदक्षता विभागात आईचं काम काय, असं आमच्या क्षेत्रातही वर्षानुवर्षं मानलं गेलं.

आईच्या छातीशी बाळ बांधण्याची पद्धत टंचाईतून आली. कोलंबियाच्या बोगोटा शहरातल्या एका मोठ्या सरकारी प्रसूतिगृहात बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या आणि जंतुसंसर्ग फैलावत होता. १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी तिथे अपुऱ्या दिवसांची बाळं आयांच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू मदर केअर. गरिबाघरची तडजोड म्हणून तिच्याकडे बराच काळ पाहिलं गेलं. पण पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांची तुलना केली. छातीशी राहणाऱ्या बाळांचं वजन दिवसाला सरासरी २४ ग्रॅमनं वाढलं, इतरांचं साडेपंधरा ग्रॅमनं. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तरीही एक अट कायम होती: आधी बाळाची प्रकृती स्थिरावू दे, मग आईकडे देऊ. पण सर्वाधिक धोक्याचे दिवस तेच!

जागतिक आरोग्य संघटनेनं हीच अट तपासायला घेतली. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत अशा पाच देशांतली रुग्णालयं, त्यांत दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १ किलो ७९९ ग्रॅम वजनाची ३,२११ बाळं. निम्म्या बाळांना जन्मानंतर लगेच आईजवळ दिलं, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे स्थिरावल्यावर. पहिल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के बाळं दगावली, दुसऱ्या गटात १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता, की देखरेख समितीनं चाचणी मुदतीआधीच थांबवायला सांगितली. अंग गार पडण्याचं प्रमाणही पहिल्या गटात कमी होतं.

करायचं काय, तर बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. आई पाठीशी उशा घेऊन अर्धवट रेललेली. बाळ तिच्या स्तनांच्या मधोमध उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवून किंचित वर, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते. वरून कापडाचा पट्टा. सलाईन चालू असलं, नाकाला श्वासाची नळी लावलेली असली, तरी हे जमतं. सिस्टर नळ्या नीट चिकटवून देतात. आईला उठायचं असेल, तेव्हा वडील किंवा आजी बाळाला तसंच छातीशी घेऊ शकतात.

मला या चाचणीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट वाटते ती खाटांची मांडणी. सफदरजंगमध्ये आईची खाट नवजात अतिदक्षता विभागातच आली. बाळंतिणीची तपासणी, औषधं, जेवण सगळं तिथेच. पहिल्या गटातल्या बाळांना दिवसाकाठी साधारण १७ तास आईचा स्पर्श मिळाला तो यामुळेच. भेटीच्या ठरावीक वेळेत आई दारातून डोकावून जाते, तिथे हे घडणं शक्य नाही.

२०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस बदलली: सुरुवात जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाला ८ ते २४ तास. महाराष्ट्रात नव्या नवजात विभागाचा आराखडा कागदावर येतो, तेव्हा बाळाला ऊब देणाऱ्या प्रत्येक वॉर्मरशेजारी आईची खाट त्याच कागदावर आखली गेली पाहिजे. तिच्या न्हाणीघराची आणि जेवणाची सोयही त्यातच धरावी लागेल.